सहा किलोची हवा

रंगनाथ इंगोलेच्या लॅपटॉपचं वजन तीन किलो आठशे ग्रॅम होतं. ते त्यानं वाण्याच्या काट्यावर करून घेतलं होतं. कशाला, असं मी विचारलं. "आपल्या वस्तूचं माहीत असावं," तो म्हणाला.

लॅपटॉप त्यानं २००५ साली घेतला तेव्हाच तो पाच वर्षं वापरलेला होता. त्यावर त्याचं कोरायचं मशीन चालायचं. टेबलावर पितळेची पट्टी आवळायची, लॅपटॉपवर मजकूर भरायचा, मशीनचं कटर तो मजकूर पट्टीत खोदतं. दारावरच्या नावाच्या पाट्या, कारखान्यातल्या पॅनेलवरच्या सूचना, शाळेच्या ढालींवरची नावं. कात्रजला आंबेगावच्या रस्त्यावर पत्र्याच्या एका गाळ्यात हे काम अठरा वर्षं चाललं.

आम्ही दोघं पिंपरीच्या एकाच कारखान्यात होतो. मी फिटर, तो टर्नर. तो वाशीमहून एकोणिसाव्या वर्षी आला. पहिले सहा महिने त्याच्या भाषेवरून पोरं हसायची. सातव्या महिन्यात हसणं थांबलं, कारण त्याचा एकही जॉब परत येत नव्हता. कारखाना बंद पडल्यावर मी दुसरीकडे लागलो. त्यानं हे मशीन घेतलं.

मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये भरला, चहा प्यायला आणि गेला. सीडी दिली नाही. दोन वर्षांत ती कंपनीही राहिली नाही. म्हणजे जे काही होतं ते त्या एका डबड्यात होतं. आणि त्या प्रोग्रॅमला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती.

मराठी अक्षरं रंगनाथनं केली.

हे कसं केलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आलेख कागदावर तो पंज्याएवढं अक्षर काढायचा. प्रत्येक वळणावर पेन्सिलीनं टिंबं द्यायचा, प्रत्येक टिंबाचे आडवे-उभे आकडे मोजायचा आणि लॅपटॉपमध्ये भरायचा. मग टाकाऊ ॲल्युमिनियमवर ते अक्षर कोरून भिंगाखाली बघायचं. पोट फुगलेलं असलं की आकडे बदलायचे, पुन्हा कोरायचं. "क"ला सहा दिवस लागले. "ळ"ला अकरा. "ज्ञ" तीनदा मुळापासून केलं. जोडाक्षरं धरून चारशे बारा आकार झाले. रोज जेवणाच्या सुट्टीत बसून दोन वर्षं चार महिने. शब्दाची वरची रेघ एका फटक्यात, न तुटता कोरली जावी म्हणून त्यानं अक्षरांच्या रेघा एकमेकींत पाव मिलिमीटर घुसवल्या होत्या. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

कागद मात्र त्यानं ठेवले नाहीत. शेवटच्या दुरुस्त्या मशीनवर व्हायच्या, त्यामुळे कागद नेहमी मागे राहायचा. आणि आमच्या कारखान्यात नियम होता. ड्रॉइंग सुधारलं की जुनं फाडायचं, नाहीतर कोणीतरी जुन्या मापावर जॉब काढतो. रंगनाथनं चारशे बारा कागद फाडले. नियम बरोबरच होता.

लॅपटॉप त्यानं लेथसारखा सांभाळला. बॅटरी मेली तेव्हा ती काढून टाकली आणि तो सरळ चार्जरवर चालवला. बिजागरी तुटली तेव्हा पितळेची करून बसवली. ती मूळच्या बिजागरीपेक्षा चांगली होती. पंखा घरघर करायला लागला की उघडून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यायचा, दोन नाही. सुरू होईना झाला की मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासायचा, फुंकर न मारता पुसायचा आणि परत बसवायचा. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, म्हणून रोज सकाळी तो तारीख विसरायचा. रंगनाथ रोज सकाळी तारीख भरायचा. सेल बदल म्हटलं तर म्हणाला, "आणलाय. जागेवर सोल्डरनं टाका मारलेला आहे. तिथं डाग द्यायला माझा हात नाही."

तो हात अर्शियाचा होता. बुधवार पेठेत जिना चढून वर तिचं दुकान आहे. दुकान मूळ तिच्या वडिलांचं. अल्लाबक्ष तिथं टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. आता ते घरी असतात, आणि ती तिथं सूक्ष्मदर्शकाखाली लॅपटॉपची सर्किटं उघडून बसते. चार्जरची पिन ढिली झाली होती म्हणून रंगनाथ तिच्याकडे पहिल्यांदा गेला. मी बरोबर होतो. तिनं लॅपटॉप उलटा केला, पितळी बिजागरी बघितली.

"ही कोणी केली?"

"मी."

"काका, तुम्ही माझ्याकडे नोकरी करणार का?"

"तुला परवडणार नाही," रंगनाथ म्हणाला.

तिनं पिन बसवली, सेलही बसवला. डाग बघून रंगनाथनं मान हलवली. मान हलवणं ही त्याच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. मला चौतीस वर्षांत तीनदा मिळाली.

निघताना ती म्हणाली, "आत महत्त्वाचं काही आहे? कॉपी करून घेऊ. डिस्क वीस वर्षांची आहे. एक दिवस ठेवा माझ्याकडे."

"एक दिवस मशीन उभं राहील."

"कायमचं उभं राहील त्यापेक्षा बरं ना?"

"कॉपी आहे माझ्याकडे. अकरा फ्लॉप्या. बिस्किटाच्या डब्यात."

"फ्लॉप्या," ती म्हणाली. "शेवटच्या कधी वाचल्या?"

"काढल्या तेव्हा तपासल्या होत्या. सगळ्या बरोबर होत्या."

"म्हणजे कधी?"

"२००७."

पुढच्या दोन खेपांनाही तिनं कॉपी करून घ्यायला सांगितलं. रंगनाथची मुलगी तनुजा हिंजवडीत कामाला आहे, तिनंही सांगितलं. तिनं वडिलांना नवा लॅपटॉप आणून दिला. त्याला मशीनची रुंद पिन बसायला भोकच नव्हतं. सुहासिनीवहिनींनी, म्हणजे रंगनाथच्या बायकोनं, तो खोक्यासकट कपाटावर ठेवला आणि वर उन्हाळी पापडांचा डबा ठेवला.

मी त्याला आग्रह केला नाही. एकदा काम तपासून पास केलं की ते पास, असं आम्ही दोघंही मानत आलो. फ्लॉपी ठेवल्या ठिकाणी मरते हे आम्हाला पटण्यासारखं नव्हतं. न वापरलेलं मापाचं गेज कसं झिजेल?

आता खंडेनवमीचं सांगतो.

आमच्यात खंडेनवमीला मशीनला हात लावत नाहीत. आदल्या दिवशी सगळं उघडून साफ करायचं, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ आणि विश्रांती. कारखाना गेला तरी रंगनाथचा हा दिवस चुकला नाही. कटर, पाने, व्हर्नियर, मशीन आणि शेवटी लॅपटॉप. लॅपटॉपही तो दर वर्षी उघडायचा, मऊ ब्रशनं झाडायचा. त्या वर्षी त्याच्याकडे ब्रशपेक्षा चांगलं साधन आलं होतं. श्रावणात त्यानं जुना कंप्रेसर घेतला होता, चुरा उडवायला.

अष्टमीला दुपारी मी गाळ्यावर गेलो. त्यानं लॅपटॉपचे एकवीस स्क्रू काढून चुंबकाच्या ताटलीत काढल्या क्रमानं ठेवले होते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधीच काढलं होतं. नळीतून पहिली हवा फडक्यावर मारून ओल येते का ते बघितलं. ओल नव्हती. पंख्यावर हवा मारताना पात्यात काडेपेटीची काडी अडकवली, पंखा गरगरू नये म्हणून. कुठं हयगय नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर ती काडी विसरलो असतो.

मग त्यानं डिस्क काढली. हातात मावेल एवढी धातूची डबी. वर लेबल, आणि लेबलाशेजारी सुईच्या टोकाएवढं भोक. भोकाजवळ इंग्रजीत लिहिलं होतं की हे झाकू नये.

"ब्रीदर," रंगनाथ म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. गिअरबॉक्सला असा ब्रीदर असतो. आत हवा तापली की त्यातून बाहेर पडते. तो धुळीनं बुजला की आत दाब वाढतो, सील फुटतं. नोकरीत आम्ही असे किती ब्रीदर हवेनं साफ केले त्याला गणती नाही. साफ केला नाही तर सुपरवायझर शिव्या द्यायचा.

"बुजलाय का बघ," तो म्हणाला.

मी टॉर्च धरला. भोकात पांढरट काहीतरी दिसत होतं.

"बुजलेला दिसतोय," मी म्हणालो.

त्यानं नळीचं तोंड भोकाला लावलं आणि हवा सोडली. सहा किलोच्या दाबाची. मोजून दोनदा. पांढरट दिसणं गेलं, भोक काळं दिसायला लागलं. साफ झालं असं आम्ही दोघांनी मानलं.

सगळं जोडून त्यानं लॅपटॉप चालू करून बघितला. उघडलेलं काम चालवून बघितल्याशिवाय सोडायचं नाही, हाही नियमच. तो सुरू झाला. रोज चार मिनिटं लागायची, त्या दिवशी सात लागली. आतून बारीक खरखर येत होती.

"पंख्याचं तेल वाळलं असेल," मी म्हणालो.

रंगनाथनं कान लावला. "पंखा नाही." थोडा वेळ ऐकत राहिला. मग घड्याळ बघितलं. "आता राहू दे. उद्या खंडेनवमी आहे. त्यालाही एक दिवस मिळू दे."

त्यानं लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी झाकणावर हळदकुंकवाची बोटं उठवली, माळ घातली. नारळ फुटला. आम्ही पेढे खाल्ले. नंतर दसरा. गाळा उघडला तो एकादशीला सकाळी.

मी तिथं होतो. त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. मग आवाज आला. टक. टक. टक. थांबून पुन्हा टक. टक. टक. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की डिस्क सापडत नाही. रंगनाथनं लॅपटॉप बंद केला, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. तोच आवाज. त्यानं डिस्क काढली, तिचे दात घासले, परत बसवली. तोच आवाज. पंख्याची तार काढून बघितली. तोच आवाज. दुपारी एकपर्यंत त्याच्या वहीत लिहिलेले सगळे उपाय झाले. मग तो डबा खाल्ल्याशिवाय उठला. आम्ही स्वारगेटला बस बदलून बुधवार पेठेत गेलो. लॅपटॉप त्यानं मांडीवर धरला होता. झाकणावर कुंकू होतं, ते पुसलं नव्हतं.

अर्शियानं डिस्क काढली, कानाशी धरून फक्त एकदा चालू केली आणि लगेच बंद केली. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ वर बघितलंच नाही.

"काका, ह्या भोकात कोणी हवा मारली?"

"मी."

"तोंडानं?"

"कंप्रेसरनं."

"किती प्रेशर?"

"सहा किलो."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भोकाच्या आत कापडासारखी गाळणी असते. ती फाटून आत गेली. धूळ आणि गाळणीचे धागे आतल्या माहितीच्या तबकडीवर पडले. तबकडीवरून एक सुई फिरते, केसापेक्षाही कमी अंतरावरून. तिच्यात हे सगळं अडकलं. ती तबकडी खरवडतेय. तो टक टक आवाज तिचाच."

"आम्ही साफ केली," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तुम्ही फार चांगली साफ केलीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता की नाही मला कळलं नाही. मग ती रंगनाथकडे वळली. "मारल्यावर लगेच चालली होती का?"

"सात मिनिटांत सुरू झाली. खरखर होती."

"तेव्हा बंद न करता फोन केला असता, तर चालू असतानाच काही निघालं असतं. अर्धं तरी."

"खंडेनवमी होती," रंगनाथ म्हणाला.

अर्शिया पेठेत वाढलेली. तिच्याही दुकानात त्या दिवशी झेंडूची माळ होती, अल्लाबक्षांच्या काळापासून असते. तिनं चष्मा परत लावला.

"फ्लॉप्या आहेत," रंगनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो फ्लॉप्यांचा डबा घेऊन गेला. अल्लाबक्षांनी माळ्यावरून फ्लॉपी वाचायचं यंत्र शोधून काढलं होतं. डबा उघडला तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कसर लागू नये म्हणून रंगनाथनं फ्लॉप्या लग्नाच्या शालूसारख्या ठेवल्या होत्या. अर्शियानं एकेक उघडून बघितली. आतल्या काळ्या तबकड्यांवर पांढरे ठिपके होते. बुरशी. तिनं स्पिरिटनं पुसून एकेक लावली. पहिली वाचली गेली नाही. दुसरी नाही. चौथीत नावांची यादी दिसली, उघडेना काही. रंगनाथ प्रत्येक फ्लॉपीच्या वेळी उठून उभा राहायचा आणि परत बसायचा. सातवी उघडली. तिच्यात आकडे होते. शून्य ते नऊ, मराठी, सगळे शाबूत. बाकीच्या चार गेल्या.

"आकडे मिळाले, काका," ती म्हणाली.

"आकड्यांची पाटी कोणी करत नाही," रंगनाथ म्हणाला.

तिनं डिस्क मुंबईला एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथं स्वच्छ खोलीत डबी उघडतात. तीन आठवड्यांनी पत्र आलं, बरोबर फोटो. तबकडीवर गोल गोल चरे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. खाली एक ओळ, की माहिती परत मिळणे शक्य नाही. रंगनाथनं भिंग लावून फोटो बघितला. "चरे एकसारखे आहेत," म्हणाला. मग घडी घालून खिशात ठेवला.

अर्शियानं हार मानली नाही. ओळखीच्या एका दुकानात लेसरचं नवं मशीन होतं. तिनं रंगनाथचं नाव त्यावर कोरून घेतलं आणि पाटी त्याच्या हातात दिली.

"दोन मिनिटं लागली, काका. अक्षरं शेकडो प्रकारची येतात, निवडायची फक्त."

त्यानं पाटीवरून नख फिरवलं. "खोली नाही. दहा वर्षं रोज पुसली की जाईल."

"दहा वर्षांनी नवी करतील."

"'ना'चा काना रेघेला टेकलेला नाही. बघ." त्यानं भिंग दिलं.

तिनं बघितलं. "एवढं कोण बघतं?"

"तू बघितलंस ना आत्ता," रंगनाथ म्हणाला. पाटी तिला परत दिली. आभार मानले. तो आभार मानायला चुकत नाही.

गाळा त्यानं बंद केला नाही. रोज सकाळी नऊला उघडतो. मशीनवर ताडपत्री आहे. ती काढतो, मशीन पुसतो, तेल देतो, ताडपत्री घालतो. मशीन चालवायला प्रोग्रॅमच नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. मी एकदा वहिनींना विचारलं, काही बोलतो का.

"बोलतात की," वहिनी म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी आहे म्हणाले परवा. भाऊजी, तुम्ही तरी सांगा, आता पुरे म्हणून."

"मी सांगून ऐकेल?"

"तुम्ही तिथं होतात ना त्या दिवशी."

होतो. टॉर्च मीच धरला होता. बुजलेला दिसतोय, हे मीच म्हणालो. वहिनींना हे माहीत आहे का, मला ठाऊक नाही. रंगनाथनं कधी तो विषय काढलेला नाही. अर्शियानं कोणी हवा मारली असं विचारलं तेव्हा तो "मी" म्हणाला. "आम्ही" म्हणाला नाही.

मागच्या रविवारी तो माझ्या घरी आला. हातात व्हर्नियर, काखेत वही. चहा नको म्हणाला. बाहेर दारातच उभा राहिला. माझ्या दारावर त्यानं केलेली पाटी आहे, मी निवृत्त झालो तेव्हा दिलेली. गोपाळकृष्ण मानकर. पितळेची, चार स्क्रूंवर.

"काढू का?"

"काढ."

त्यानं खिशातून पेचकस काढला आणि पाटी उतरवली. माझ्या जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला. पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, अक्षरं उमटली. मग एकेक वळण व्हर्नियरनं मोजून आकडे लिहायला लागला. "ळ"च्या दुसऱ्या वेटोळ्याशी बराच वेळ थांबला.

"कटर झिजलं होतं तेव्हा," तो म्हणाला. "पाच शतांश मिलिमीटर जाड आलंय. कमी करून लिहितो."

मी मोजलं. माझ्या नावात जोडाक्षर धरून नऊ आकार निघतात. चारशे बारामधले नऊ.

"बाकीचे?"

"शुक्रवार पेठेत एका डॉक्टरांची पाटी आहे. नऱ्ह्याला सोसायटीची मोठी आहे, एकसष्ट नावांची. 'ज्ञ' कुठं दिलंय ते आठवत नाही."

"आणि हे आकडे भरणार कशात?"

त्यानं पेन्सिलीला टोक केलं. पुढचं माप घेतलं, लिहिलं, पुन्हा घेतलं. दोन्ही मापं जुळली तेव्हाच खाली रेघ मारली.  कागद सरकू नये म्हणून दुसऱ्या टोकाला बोट धरून बसलो.

दोन तासांनी नऊ आकार झाले. पाटी फडक्यानं पुसून त्यानं परत दारावर लावली. चारही स्क्रू आवळले, आणि चारही खाचा उभ्या येईपर्यंत एकेक थोडा फिरवला. मागं सरून बघितलं. खालचा डावा जरा तिरका होता. पुन्हा पेचकस काढला आणि तो सरळ केला.